मण्यारीची कोरी मान

गुलाबी शाई अडली की माणूस हिरवा पडतो. पिवळी अडली की जांभळट दिसतो, गारठून गेल्यासारखा. काळी अडली तर मिशी जाते. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स आम्ही असा हिरवा छापला होता. कार्यकर्ते गडबडीत न उलगडताच घेऊन गेले आणि चौकात टांगल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. तासाभरात चार मोटारसायकली दुकानापुढं.

"सायेबाला कावीळ झाल्यागत दिसायलंय की ओ!"

मी म्हटलं, "मंग शुभेच्छांच्या जागी लवकर बरे व्हा लिवून देऊ का?"

मालकांनी मला आत नेलं आणि माणसं जाईपर्यंत रोलच्या खोलीतून बाहेर येऊ नका म्हणून सांगितलं. मी तिथं बसून निवांत चहा पिले.

धाराशिवात फ्लेक्स आणि व्हिनाइल छापायच्या दुकानात मी सतरा वर्षं काम केलं. लागले ती लादी पुसायला आणि फ्लेक्सच्या कडांना रिंगा ठोकायला. सोडलं तेव्हा माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठलंही काम दुकानाबाहेर जात नव्हतं. शिक्षण चौथी. मराठी लिहिता-वाचता येतं. इंग्रजीची चार अक्षरं येतात, सी, एम, वाय आणि के. शाईच्या डब्यांवर तेवढीच असतात. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी विचारलं, माझं कुणाला वाचायचंय? निरोप आणणारे म्हणाले, फ्लेक्स सगळ्या जिल्ह्यानं बघितलाय, छापणारं माणूस कुणी बघितलं नाही. पटलं, म्हणून लिहिते.

आधी मशीन सांगते. दहा फूट रुंद लोखंडी पाट. मागून रोल सुटतो आणि पाटावरून पुढं सरकतो. वर रुळावर एक डबा डावीकडून उजवीकडं पळत असतो. त्याच्या पोटाला हेड असतं, आणि हेडला केसाहून बारीक भोकं. त्यांना नोझल म्हणतात. त्यातून शाईचे थेंब पडतात. डब्याच्या एका फेरीत बोटभर रुंदीची पट्टी छापून होते. मग रोल तेवढाच पुढं सरकतो आणि पुढची पट्टी पडते. एकीला एक अशा शेकडो पट्ट्या जोडल्या जातात तेव्हा चित्र होतं. सांधा दिसला नाही तर मशीन नीट. दिसला की चित्रावर रेघा. आमचं निम्मं आयुष्य त्या रेघा घालवण्यात गेलं.

मशीन चालवणारा फिरोज. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कामात पक्का. मी कामाला लागल्यावर आठवड्याच्या आत त्यानं माझ्या हातात भिंग दिलं आणि एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीवर ठेवायला लावलं. बाईचा गाल होता. भिंगातून बघितलं तर नुसते ठिपके. गुलाबी, पिवळे, मधेच एखादा निळा. गालाचा रंग कुठंच नव्हता. भिंग काढलं, गाल आला. लावलं, गाल गेला. मी दहा वेळा केलं.

"मावशी, भिंग फोडतीं क्या?" फिरोज म्हणाला.

"रंग कुठंय रे पण?"

"तुमच्या आँख में."

मला तो चेष्टा करतोय असं वाटलं. आठ दिवस मी रस्त्यानं येता-जाता सगळ्या पाट्या नाक लावून बघत होते. लोकांना वाटलं म्हातारीची नजर गेली. नजर तर तेव्हा आली होती.

टेस्ट प्रिंट म्हणून एक असते. मोठं काम लावायच्या आधी मशीन कागदाच्या तुकड्यावर बारीक बारीक रेघांच्या चार जिना-पायऱ्या काढून दाखवतं, एकेका रंगाची एकेक. प्रत्येक नोझलची एक रेघ. एखादी रेघ नसली तर ते नोझल बुजलेलं. फिरोज नव्या माणसांना हे समजावून सांगताना घसा कोरडा करायचा. मला सांगावं लागलं नाही. लग्नाआधीपासून मी तिफणीमागं चाड्यावर मूठ धरून पेरलेलं आहे. चाड्यातून बी नळ्यांत उतरतं, नळ्यांतून मातीत. एका नळीत माती बसली की त्या ओळीत बी पडत नाही आणि पंधरा दिवसांनी शेतात मोकळा पट्टा दिसतो. मशीन उघडून हेड बघितलं तेव्हा मला हसू आलं. कुठल्या परक्या देशात बसून कुणीतरी तिफणच केली होती, फक्त शेकडो नळ्यांची. आणि पेरणारी बाई मागं नव्हती.

काळ्या रंगाचं एक सांगते. लोकांना वाटतं काळी शाई ओतली की काळं होतं. नुसती काळी शाई पांढऱ्यावर राखाडी दिसते, विटलेल्या छत्रीसारखी. तिच्याखाली दुसरे रंग घालावे लागतात तेव्हा ती भरते. हे मला तामलवाडीच्या एका म्हशीनं शिकवलं. म्हशीला जनावरांच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता आणि मालकाला तिचा फ्लेक्स पाहिजे होता. छापला. तो म्हणाला, "ही माझी म्हैस न्हाय. माझी काळी हाय."

"ही काय पिवळी हाय का?" मी विचारलं.

"ही धुतलेली हाय."

दोनदा छापला, दोनदा परत. तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यात म्हैस. "आता बगा आन् छापा," म्हणाला. रस्त्यावर गर्दी जमली. मी जवळ जाऊन बघितलं तर उन्हात तिच्या पाठीच्या काळ्यात तांबूस झाक होती. फिरोजला म्हटलं, काळ्याखाली गुलाबी आणि पिवळी घाल. तिसरा फ्लेक्स बघून तो माणूस टेम्पोत चढला, म्हशीच्या तोंडापुढं फ्लेक्स धरला आणि तिलाच विचारलं, "हाय का न्हाय तू?"

आता ज्या कामासाठी लिहायला बसले ते सांगते. ते सांगायला मला आवडत नाही.

धंद्यात एक वाक्य आहे. रेघ आली, कडा फुटल्या, रंग थोडा उतरला, गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की आम्ही म्हणायचो, लांबून बघायचं असतंय. ते खोटं नाही. चौकातला फ्लेक्स माणूस वीस-तीस फुटांवरून बघतो, तिथून बारीक रेघ दिसत नाही. पण हळूहळू ते वाक्य सगळ्याच कामाला लागायला लागलं. माझ्या तोंडात तर ते बसूनच गेलं होतं.

बेंबळीत नागनाथ म्हणून पिठाची गिरणी चालवणारा माणूस आहे. नावासारखाच निघाला, पंचक्रोशीतले साप धरतो आणि माळावर नेऊन सोडतो. पन्नाशीचा, बोलायला कमी, भुवयांवर कायम पीठ. एका उन्हाळ्यात तो आमच्या दुकानात आला. गावागावांत, वस्त्यांवर लावायला सापांचे बोर्ड पाहिजे होते. चार विषारी, आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी. चार फूट लांब, तीन फूट उंच. कागदी चित्रं टिकत नाहीत म्हणून व्हिनाइलवर, म्हणजे मागं गोंद असलेल्या प्लॅस्टिकवर, छापून पत्र्याला चिकटवायचे. एकूण वीस. पेरणीच्या आत सगळीकडं लागले पाहिजेत, कारण तेव्हाच साप घरात शिरतात आणि माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली असतात.

"मण्यार चावल्यावर कळत बी न्हाय आक्का," तो मला म्हणाला. "सूज न्हाय, आग न्हाय. मुंगी चावली म्हणून माणूस पुन्ना झोपतंय."

"आन्?"

"आन् उठत न्हाय. येळंवर दवाखान्यात न्यायचं तर आधी वळकू आलं पायजे."

मी मान डोलावली आणि रोल लावायला गेले. सापाचं काम म्हणजे रंगीत काम, एवढंच माझ्या डोक्यात.

तीन फुटी रोल शिल्लक होता, म्हणून चित्र फिरवून लावलं. त्यामुळं साप मशीनमधून लांबीनं बाहेर येत होते, डोकं आधी, शेपूट मागून. पहिले चार छापले आणि काळ्यात फिकट रेघा आल्या. अंगावर आडव्या. फिरोजनं माझ्याकडं बघितलं. मी वाकून बघितलं, मग चार पावलं मागं जाऊन बघितलं. नागनाथ उभाच होता, बाहेर पिकअप गाडी चालू, लोहाऱ्याकडच्या लांबच्या वस्त्यांवर त्याच दिवशी जायचं म्हणून घाईत.

"बारीक रेघा हायत," मी म्हटलं. "पण लांबून बघायचं असतंय. चालतंय."

चालतंय हे मी म्हटलं. फिरोजनं नाही, मालकांनी नाही. चार बोर्ड कागदात गुंडाळून मी माझ्या हातानं गाडीत ठेवले.

आठ दिवसांनी तो बाकीचे न्यायला आला. मधे लग्नांचे फ्लेक्स आल्यामुळं त्याचं काम मागं पडलं होतं. पाचवा बोर्ड त्याच्यासमोरच बाहेर आला. तो पुढं झाला आणि एका सापाच्या मानेवर बोट ठेवलं.

"आक्का, ह्यो कोण?"

"मण्यार. खाली लिवलंय की."

"मण्यारीच्या मानंवर पट्टं कुठलं आलं?"

"पट्टं असत्यात की मण्यारीला."

"शेपटीकडं असत्यात. तिकडं ठळक, मग विरळ होत होत येत्यात आन् मान कोरी. काळीकुट्ट." त्यानं बोट खालच्या चित्रावर नेलं. "ह्यो कवड्या. बिनविषारी. ह्याचं उलटं, मानंकडं ठळक, शेपूट कोरी. सारा फरक एवढाच हाय. आन् तुमी मण्यारीला मानंपसून पट्टं दिलाव."

"ती रेघ हाय मशिनीची. नाव लिवलंय खाली."

"नाव कोण वाचतंय आक्का? साप निघाल्यावर माणूस पट्टं बगतंय. मान कोरी दिसली की म्हणंल, बोर्डावरल्या मण्यारीला मानंवर पट्टं हायत, ह्याला न्हायत, म्हंजे ही मण्यार न्हाय. आन् कोरी मानच मण्यारीची!"

मग त्यानं विचारलं, "आधीचं चार असंच हुतं का?"

मी म्हटलं, "व्हय."

त्यानं तेव्हा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पिठाची गिरणी बंद ठेवून आलेला माणूस, पायरीवर जाऊन बसला.

दुपारचे बारा वाजले असतील. फिरोजनं हेड साफ केलं. टेस्ट प्रिंट काढली. चारही पायऱ्या भरलेल्या, एक रेघ कमी नाही. पुन्हा छापलं, मानेवर रेघा. पुन्हा साफ केलं. मग रोल किती सरकतो ते मोजून बसवलं. रोल कमी सरकला की पट्टीवर पट्टी चढून गडद रेघ येते, जास्त सरकला की मधे फट पडून फिकट रेघ येते. हे बसवलं की रेघा जायला पाहिजेत. गेल्या नाहीत. आणि एक गोष्ट वेगळी होती. सरकण्यात चूक असेल तर रेघा सारख्या अंतरावर येतात. इथं एक जवळ, एक लांब, मधे हातभर काहीच नाही. चुकीलाही शिस्त असते, हिला नव्हती.

"मावशी, हेड साफ हय, स्टेप बरोबर हय, फिर बी लकीर आरई," फिरोज घाम पुसत म्हणाला. "सकाळी छापलं तो कम आती, दुपारको ज्यादा."

मालक बसूशेठ काउंटरवरून म्हणाले, "व्हिनाइल खराब असंल. दुसरा रोल लावा." दुसरा लावला. त्यावर तर जास्तच. बसूशेठ मूळचे सीमेकडचे, वैतागले की कानडीत बोलतात. कानडी सुरू झालं.

मी नवा रोल उलगडायला हात लावला तेव्हा हातावरची लव उभी राहिली. चट्ट असा आवाज झाला. पदर जाऊन व्हिनाइलला चिकटला, ओढला तरी सुटेना. तो चिकटलेला पदर मी नुसती बघत राहिले. पदर चिकटतोय, तर व्हिनाइल खालच्या लोखंडी पाटालाही चिकटत असणार. मधेच अडत असणार, मधेच सुटत असणार. मग रेघ कुठं यावी याला शिस्त राहीलच कशी.

"फिरोज, ही मशिनीच्या अंगातली वीज जाती कुठं?"

"अर्थिंग में."

"ते कुठंय?"

फिरोज मला मागच्या दारातून घेऊन गेला. मशीनच्या पोटातून एक जाड तार भिंतीतून बाहेर येते आणि मागं कोपऱ्यात जमिनीत जाते. खाली पुरुषभर खोल खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, भोवती मीठ आणि कोळसा. मशीनमधली नको असलेली वीज तिथं जमिनीत उतरते. मशीन बसवताना वायरमननं सांगितलं होतं म्हणे, की उन्हाळ्यात इथं पाणी टाकत जावा, कोरडी माती वीज घेत नाही.

"मंग टाकत का न्हाय?" मी विचारलं.

"टाकना पडताच नै था. ये जगा कायम गीली रहती थी."

ती जागा कायम ओली असायची. मी त्या कोपऱ्याकडं बघत उभी राहिले. माती फाकलेली होती, भेगेत बोट जात होतं.

रोज सकाळी लादी पुसून झाली की बादलीतलं घाण पाणी मी मागच्या दारातून त्या कोपऱ्यात फेकत होते. वर्षानुवर्षं. खाली काय पुरलंय ते मला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला बसूशेठ म्हणाले, नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, ते लादीचं पाणी वाया घालवू नका, दुकानापुढं मारा, धूळ उडून मशीनमध्ये जाते. बोलणं शहाणपणाचं होतं. मी पाणी पुढं मारायला लागले. धूळ बसली. मशीनची चांगली काळजी घेतली म्हणून आम्ही दोघंही खुशीत होतो.

नळाला पाणी नव्हतं. पिण्याच्या पाण्याचे दोन जार होते. मी एक उचलला.

"ओ कौसाबाई, प्यायचं पाणी हाय ते!" बसूशेठ ओरडले.

"आज मशीन पिणार हाय."

पायरीवरचा नागनाथ उठून आला आणि न विचारता दुसरा जार त्यानं घेतला. समोरच्या किराणा दुकानातून मिठाची पिशवी आणली. मीठ टाकलं, वर पाणी. मातीनं ते घोट घेतल्यासारखं आवाज करत ओढलं, वर बुडबुडे आले. मला वाटलं होतं पाणी साचेल. एक थेंब वर राहिला नाही. मग मी शेजारच्या हॉटेलातून भांडी धुतलेलं पाणी मागून आणलं, चार बादल्या. हॉटेलवाला म्हणाला, "म्हस पाळलाव का काय?"

चार वाजता फिरोजनं पुन्हा काम लावलं. मी पाटाशी उभी राहिले, नागनाथ माझ्या शेजारी. डबा पळायला लागला. आधी तोंड आलं. मग मान. काळी. एकसारखी काळी, सांधा नाही, डाग नाही. मी भिंग लावून बघितलं, तरी नाही. मग हळूहळू पहिला पट्टा आला, दोऱ्याएवढा. मग दुसरा जरा ठळक. शेपटीपर्यंत जोड्या जोड्यांनी पट्टे येत गेले, जिथं पाहिजे तिथंच.

नागनाथ म्हणाला, "आता ही मण्यार हाय."

मी देवाधर्माची फार नाही. पण त्या वेळी अंगावर काटा आला, आणि या वेळी तो विजेचा नव्हता. भिंतीपलीकडं जमिनीच्या पोटात पाणी मुरलं आणि इथं एका सापाची मान काळी झाली. माणसानं केलेलं एवढं मोठं यंत्र, त्याची एक तार मातीत आहे आणि माती तहानली की ते खोटं बोलायला लागतं. मी चार बुकं शिकलेली. शिकलेल्यांना यात नवल वाटत नसेल तर त्यांचं त्यांनी बघावं.

राहिलेले सोळा आणि बदलायचे चार असे वीस बोर्ड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तयार झाले. मी बसूशेठना सांगितलं, जुने चार बदलायला मी गाडीत जाणार आहे.

"तुमचं काय काम तिथं? नागनाथ लावतील."

"चालतंय म्या म्हणलं हुतं."

मी गाडीत जाऊन बसले.

तीन वस्त्यांवर अडचण आली नाही. जुना काढला, नवा ठोकला, लोकांना समजावलं. चौथी वस्ती आठ-दहा घरांची. बोर्ड समाजमंदिराच्या भिंतीला होता. नागनाथ खिळे उपटायला लागला तशी समोरच्या घरातून चाळिशीची एक बाई हात पुसत आली.

"का काढायलाव ओ? कामाचा हाय की बोर्ड."

"कसा काय कामाचा?" नागनाथनं विचारलं.

"अवो काल सांजच्याला चुलीपाशी साप निघाला. आमच्या ह्यांनी काठी उचलली. सून म्हणली थांबा, मारू नगा, बगून येते. पळत आली इथं. म्हणली, मण्यारीला मानंपसून पट्टं हायत, ह्याची मान कोरी हाय, इखारी न्हाय. मंग न्हाय मारला. सोडला."

"कुठं सोडला?"

"सोडला म्हंजे काठीनं सारला. सरपणात गेला."

"सरपण कुठंय?"

"भित्तीलाच. आत आमी झोपताव तितंच."

नागनाथनं हातोडी खाली ठेवली. गाडीतून लोखंडी आकडी आणि झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बरणी काढली. मला म्हणाला, "आक्का, तुमी लांब ऱ्हावा." मी राहिले नाही.

घरातल्या माणसांना त्यानं बाहेर काढलं. सून, तिच्या कडेवर तान्ही मुलगी, सासरा. मग तो एकेक लाकूड आकडीनं उचलून बाजूला ठेवायला लागला. घाई नाही, आवाज नाही. तुऱ्हाट्या, बाभळीचे ओंडके, गोवऱ्या. मी दारात उभी. ढीग निम्मा झाला, त्याहून कमी झाला. काही नाही. मला वाटायला लागलं की गेला असेल, किंवा कवड्याच असेल, पोरीनं उगीच सांगितलं असेल. असं वाटावं अशी माझी गरज होती.

तळातली शेवटची गोवरी त्यानं उचलली आणि तिथं ती होती. डोकं वेटोळ्याखाली घालून पडलेली, दिवसा मण्यार अशीच सुस्त असते. आकडीनं उचलली तशी मान वर आली. कोरी.

मी इतकी वर्षं काळा रंग बनवला. म्हशीचा, केसांचा, शिवाजीनगरच्या चष्मेवाल्याच्या चष्म्याचा. असा काळा मी बघितला नव्हता. त्याच्याखाली निळं होतं, निळ्याखाली आणखी काहीतरी, आणि वर तेल पुसल्यासारखी चमक. पट्टे दुधासारखे, जोडीजोडीनं, प्रत्येकाची कड साफ. कुठं थेंब उडालेला नाही.

ती बरणीत उतरली, झाकण लागलं. सून भिंतीला टेकून खाली बसली.

घरधनीण माझ्याकडं वळली. "मंग बोर्डावर तसं का काडलं हुतं? कोण काडतंय ते?"

"म्या," मी म्हटलं. "चूक माझी हाय. मशीन बिघडलं हुतं आन् मला दिसलं हुतं. तरी बी दिला."

मला वाटलं शिव्या देईल. तिनं दिल्याही, दोन-तीन, चांगल्या. मी ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "आता न्हीट हाय का?"

"बगून घ्या."

आम्ही नवा बोर्ड बरणीशेजारी उभा केला. तिनं बरणीत बघितलं, बोर्डावर बघितलं. बोटानं मानेपासून शेपटीपर्यंत पट्टे मोजत गेली, मग सुनेला बोलावून मोजायला लावले, मग नवऱ्याला. तिघांची खात्री झाल्यावर म्हणाली, "ठोका." खिळे मी ठोकले. सतरा वर्षं रिंगा ठोकल्यात, खिळा वाकडा जात नाही. मागं वळून बघितलं तर सासरा शेजारच्या घरातून बाज मागून आणत होता.

परत येताना माळावर साप सोडायचा होता. पिकअपच्या मागं जुने चार पत्रे होते, त्यांच्यात बरणी आपटेल म्हणून नागनाथ म्हणाला, पुढं पायाशी ठेवू. मी मांडीवर घेतली. रस्ता सगळा खड्ड्यांचा. ती आत हळूहळू फिरत होती आणि उन्हाची तिरीप आली की काळ्याचा निळा व्हायचा, निळ्याचा पुन्हा काळा. चष्मा काढून, घालून, मी तासभर तेच बघत होते.

माळावर गाडी थांबवून नागनाथनं बरणीला हात घातला.

"आक्का, भ्या वाटलं न्हाय?"

"वाटलं की. पर डोळंच काढवंनात."